या चुका टाळा: नेट रडतंय म्हणून प्लॅन वाढवू नका, आधी फोन बघा

नाशकात क्लासेस, अभ्यासिका, छोटी ऑफिसं यांना वायफाय बसवून देणं हा माझा धंदा. काही चुका इतक्या वेळा बघितल्यात की आता चिडही येत नाही. येते, खरं तर.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे नेट अडकलं की प्लॅन वाढवणं. गंगापूर रोडला एक अभ्यासिका आहे, साठेक खुर्च्यांची. मालकांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० केला, तरी दुपारी पोरांची लेक्चरं गोल गोल फिरतच राहायची. मी पोचलो तर म्हणाले, "अहो, आता ५०० करून टाकू का?" म्हटलं, थांबा, आधी चहा सांगा.

राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५. सगळी गर्दी २.४ गिगाहर्ट्‌झवर, कारण ५ गिगाहर्ट्‌झ आधीच्या कुणा शहाण्यानं बंद करून ठेवलेलं. बरेचसे फोन ७२ एमबीपीएसच्या वेगानं बोलत होते आणि दोन जण चक्क १ वर. त्यातला एक पाण्याच्या कूलरमागच्या कोपऱ्यातल्या पोराचा जुना फोन, मध्ये आरसीसीची भिंत. दुसरं जिन्यातलं हजेरीचं थंब मशीन.

एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं. १५०० बाइटचं पॅकेट ७२ वाला फोन साधारण ०.१७ मिलिसेकंदात उरकतो, १ वाल्याला त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीचे गप्प. तिकीट खिडकीवर पुढचा माणूस चिल्लर मोजत बसला की मागच्याच्या हातात सुटे पैसे असून काय उपयोग? प्लॅन कितीही वाढवा, खिडकी तीच.

५ गिगाहर्ट्‌झ चालू केलं, कूलरपाशी वायर ओढून वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा दुसरा डबा) लावला, कमीत कमी वेग १२ वर बांधला, म्हणजे त्याहून हळू बोलणाऱ्याला आत प्रवेश नाही, आणि रुबाबात घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, "थंब मशीन मेलं." ते ८०२.११बी या जुन्या वायफायचं, त्याची धाव ११ पर्यंतच. १२ च्या दारातून आत येणार कसं? यादीत माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. गाढवपणा माझाच. त्याला लॅनची वायर दिली. प्लॅन परत १०० वर आणला, तक्रार नाही.

दुसरी चूक आमच्याच धंद्यातली. नवीन पोरं राउटरखाली उभी राहून स्वतःच्या महागड्या फोनवर स्पीड टेस्ट मारतात, "झालं दादा" म्हणतात आणि पैसे घेऊन पसार. त्या फोनला दोन अँटेना, ग्राहकाच्या स्वस्तातल्या फोनला बहुधा एकच. माझ्या बॅगेत काच तडकलेला, फक्त २.४ वर चालणारा एक फोन कायम असतो. सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून त्यावर व्हिडिओ कॉल लावतो. तो पाच मिनिटं टिकला तरच बिल. घाई असणाऱ्यांनी दुसरा माणूस शोधावा.

राउटरची पॉवर फुल करणं हाही आवडता शॉर्टकट. रामकुंडावरचा भोंगा तुम्हाला पंचवटीभर ऐकू येईल, पण तुम्ही घरातून मारलेली हाक तिथं पोचेल का? फोनची ताकद मुळात राउटरपेक्षा कमी. म्हणून दांड्या फुल दिसतात आणि मेसेज मात्र जात नाही.

दोन ॲक्सेस पॉइंट असले तरी कुठला धरायचा हे फोन ठरवतो. काही फोन जुन्यालाच चिकटून राहतात. एकदा वायफाय बंद-चालू करा, मगच मला फोन करा.

बॅटरी सेव्हर चालू ठेवून स्पीड मोजू नका.

आणि डब्यावर ५जी लिहिलं म्हणून फोन घेऊ नका. जिओचं ५जी स्टँडअलोन आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं. ज्या फोनला ते जमत नाही, तो जिओच्या टॉवरखाली उभा राहूनही ४जीच दाखवतो. दुकानातच आपलं सिम घालून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.