दिवाणी दाव्यांतील सुधारणांसाठी व्यापारी संघटनेने निवेदन कसे करावे

रावेर-यावलची केळी घेणारा परप्रांतीय व्यापारी असो की जळगावच्या डाळ मिलचा ठोक ग्राहक, त्याने पैसे थकवले की वसुलीचा दावा दाखल होतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. यावर संघटना बहुधा ‘न्यायप्रक्रिया गतिमान करावी’ असे निवेदन मंत्रिमहोदयांना देते. या मागणीवर कोणत्याही अधिकाऱ्याला नेमकी कार्यवाही करता येत नाही, म्हणून ती फायलीतच राहते.

निवेदन लिहिण्यापूर्वी सभासदांच्या दाव्यांचे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, गोळा करावेत. दावा दाखल झाला कधी, समन्स बजावले गेले कधी, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आली कधी, वादाचे मुद्दे निघाले कधी आणि हुकूमनाम्यानंतरची दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) किती काळ पडून आहे, याचा तक्ता करावा. यातील बहुतेक तारखा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पुढची तारीख मागणारा प्रत्येक मुदत अर्ज कोणी दिला, हाही रकाना ठेवावा. प्रतिवादी म्हणून आपल्याच सभासदांनी मागितलेल्या तारखा त्यात दिसतील. त्या लपवू नयेत, कारण वकील मंडळी त्या हमखास दाखवून देतील. जिल्ह्याचे एकूण चित्र राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या संकेतस्थळावरून घ्यावे. शिवाय वाणिज्यिक न्यायालय कायदा, २०१५ च्या कलम १७ नुसार वाणिज्यिक (व्यापारी व्यवहारांतील) दाव्यांची आकडेवारी दरमहा अद्ययावत होऊन उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली पाहिजे. ती अपुरी आढळली, तर तीच आपली पहिली मागणी ठरते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच संघटना टाळतात: प्रत्येक मागणी तिच्या योग्य दारी नेणे. जिल्हा स्तरावर वाणिज्यिक न्यायालय राज्य शासन उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून स्थापते. म्हणून न्यायालयाची, इमारतीची वा कर्मचाऱ्यांच्या पदांची मागणी विधी व न्याय विभागाकडे करावी. कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाकडे असल्याने न्यायाधीशांच्या पदस्थापनेचा आणि कामवाटपाचा विषय उच्च न्यायालयाच्या प्रशासनाकडे जातो. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या पहिल्या अनुसूचीतील नियम, म्हणजे दावा चालवण्याच्या पद्धतीचे नियम, कलम १२२ खाली उच्च न्यायालय स्वतः बदलू शकते, मात्र त्यास राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. मूळ कलमांतील बदलासाठी खासदार व केंद्रीय विधी मंत्रालय गाठावे. कोणत्याही प्रलंबित दाव्याचा उल्लेख करून त्या न्यायाधीशांना भेटू नये. तो अनुचित हस्तक्षेप ठरतो.

नव्या कायद्याची मागणी मात्र शेवटी ठेवावी, कारण असलेल्या कायद्यातच पुष्कळ काही आहे. २०१८ च्या दुरुस्तीने वाणिज्यिक दाव्याची किमान मूल्यमर्यादा एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आली. त्यामुळे मालविक्रीच्या करारातून निर्माण झालेली केळी, कापूस वा डाळीची बरीच थकबाकी या कायद्याखाली येऊ शकते. अशा दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत कैफियत आली नाही, तर ती दाखल करण्याचा हक्कच संपतो. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी अनिवार्य आहे. म्हणून तालुक्याच्या ठिकाणीही प्रशिक्षित मध्यस्थ मिळावेत, अशी मागणी रास्त ठरते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले आहे. तक्त्यातील तारखा या मुदतींच्या शेजारी मांडल्या की वेगळे भाषण करावे लागत नाही.

कायद्यातील बदल मागायचाच असेल, तर एक ठोस विषय आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ खाली पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याची तरतूद आहे आणि विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. हे संरक्षण उत्पादन व सेवा क्षेत्रातील सूक्ष्म व लघु उद्योगांना मिळते. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली झाली, परंतु तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता ठेवला गेला. डाळ मिलला मिळणारे संरक्षण त्याच डाळीच्या घाऊक व्यापाऱ्याला का नसावे, हा प्रश्न खासदारांना सहज समजेल. अर्थात व्यापाऱ्याकडे ज्याचे पैसे अडकले आहेत त्या शेतकऱ्यालाही तितकीच त्वरित दाद मिळावी, ही मागणी त्याच निवेदनात असावी. अन्यथा ते एका वर्गाचे गाऱ्हाणे वाटेल.

मसुदा स्थानिक वकील संघाला आधी दाखवावा. निवेदन दोन-तीन पानांचे ठेवून तक्ता सोबत जोडावा, आवक क्रमांक घ्यावा, आणि पुरेसा काळ वाट पाहूनही उत्तर न आल्यास त्यावरील कार्यवाहीच्या नोंदी माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागाव्यात.