मरु महोत्सवाला ग्रुपने जाताय? आधी बाथरूमचा दरवाजा मोजून घ्या

नाशिकहून जैसलमेरच्या मरु महोत्सवाला, म्हणजे राजस्थानच्या वाळवंटातल्या लोकगाण्यांच्या आणि नाचाच्या उत्सवाला, पुन्हा ग्रुप जमतोय. त्यात सत्तरीतले दोन काका आहेत, कॉलेजातला एक मुलगा आहे ज्याला ऐकू येत नाही, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या आमच्या ताई आहेत. तुमच्याही ग्रुपमधे असं कोणी असेल तर हे नीट वाचा, आणि नसेल तरी वाचा, कारण घरातले आईवडील 'तुम्ही जा, आमचं काय' म्हणतात ना, ते बऱ्याचदा याच भीतीने म्हणतात.

तारीख आधी बघा. महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, कधी जानेवारीच्या शेवटी कधी फेब्रुवारीत. राजस्थान टुरिझमचा कार्यक्रम जाहीर झाला की मगच तिकिटं काढा. रेल्वेचं दिव्यांग सवलतीचं तिकीट हवं असेल तर त्याचं कार्ड आयत्या वेळी मिळत नाही, नाशिकरोड भुसावळ डिव्हिजनमधे येतं, कागद तिकडून फिरून येतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच मागे लागा. गाडी बदलताना मधे भरपूर वेळ ठेवा, लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या भलत्याच टोकाला असते आणि चेअर घेऊन पळता येत नाही.

कपडे, औषधं, चार्जर, चिवडा, हे काय सांगायचं. थंडीचं तेवढं सांगते, निफाडची थंडी पाहिलेले लोकसुद्धा जैसलमेरजवळच्या सॅम गावच्या वाळूच्या टेकाडांवर, जिथे महोत्सवाची शेवटची रात्र असते, रात्री कुडकुडतात, कारण तिथे वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. कानटोपी, मोजे, आणि जे एका जागी बसून राहणार त्यांच्या पायावर टाकायला जाड घोंगडी.

आता बाथरूम. गेल्या वेळी हेच राहिलं. वाळूचा विचार केला, उंटाचा केला, स्टेजजवळ कुठे बसायचं तोही केला, आणि कॅम्पवाल्याला फोनवर नुसतं विचारलं की व्हीलचेअर चालेल ना, तो म्हणाला हां जी बिल्कुल. तंबूत चेअर गेली. बाथरूमच्या दारात अडकली, शिवाय दाराला विटेएवढा उंबरा. ताई काही बोलल्या नाहीत, त्यांनी पाणी प्यायचं बंद केलं. वाळवंटात, दिवसभर! दुसऱ्या दिवशी डोकं धरून तंबूत पडून राहिल्या, सॅमची रात्र गेली, आणि खरं कारण आम्हाला परतीच्या गाडीत कळलं. आम्ही सगळे मिळून त्यांना महोत्सवाला नेलं म्हणून खूश होतो आणि त्या महोत्सवात नव्हत्याच.

म्हणून दरवाजा मोजून घ्या. घरी चेअरची रुंदी मोजा, चाकाबाहेरच्या हाताने फिरवायच्या रिंगपासून रिंगपर्यंत, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर भरते, त्यावर हाताची बोटं जायला जागा लागते, म्हणजे दार ८० च्या पुढे हवं, ९० असेल तर उत्तम. कॅम्पवाल्याला सांगा की दारात टेप धरून फोटो पाठव, एक दाराचा, एक उंबऱ्याचा, एक कमोडसमोरच्या जागेचा. 'हो जाएगा' वर बुकिंग करू नका, सेंटिमीटर ऐकल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका. तीनचार कॅम्पना फोन करावे लागतील, करा. आणि हे सगळं त्या माणसाला स्वतःला विचारून करा. ताईंना काय लागतं ते ताईंना विचारा, त्यांच्या नवऱ्याला किंवा वहिनीला नाही. एकटीला फोन करून विचारा, ग्रुपवर सगळ्यांसमोर कोण सांगणार.

दार मोजलं? मग मैदानाचं बघा. फिरत्या टॉयलेटला पायऱ्या असतात. त्यामुळे घडीची कमोड चेअर आणि कपडे बदलायचा उभा छोटा तंबू सोबत ठेवा, गाडीच्या डिकीत बसतं सगळं.

वाळूत साधी चेअर पुढे ढकलली की पुढची छोटी चाकं रुततात. उलटी फिरवा आणि मागे ओढत न्या, पुढची चाकं उचललेली राहतात, दोघं लागतात. टेकाडांवर उंटगाडी मिळते, सपाट फळीची, तिच्यावर चेअरवरून सरकून बसता येतं. उंटाच्या पाठीचा हट्ट नको, उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो आणि माणूस तोंडावर पुढे येतो, काकांनाही हेच लागू. तिकडच्या गवताचे भुरटचे काटे आणि बाभळीचे काटे टायरला लागतात, त्यामुळे पंक्चरचं सोल्यूशन, ठिगळं आणि हातपंप नाशिकमधूनच सायकलच्या दुकानातून घ्या.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी आम्ही आधी फक्त पुढची सीट एवढाच विचार केला होता. त्यानेच सांगितलं की अंधार पडला की खुणांची भाषा दिसत नाही. म्हणजे अंधारात तो दोनदा एकटा पडतो. गळ्यात अडकवायचा छोटा लाईट घ्या जो बोलणाऱ्याच्या हातावर आणि चेहऱ्यावर पडेल. जागा खडतालवाल्याच्या बाजूची धरा, त्या लाकडी पट्ट्यांवरची बोटं बघण्यासारखी असतात, आणि कॅम्पवरच्या छोट्या मैफलीत परवानगी घेऊन ढोलकाशेजारी बसवा, कंप अंगाला लागतो.

आणि गाणाऱ्यांसाठीही तयारी करून जा, ती कोणी करत नाही. मांगणियार आणि लंगा हे पिढीजात गाणारे मुसलमान समाज. मांगणियारांचे यजमान बहुतेक राजपूत आणि इतर हिंदू, त्यांच्याकडच्या बाळंतपणाला, लग्नाला हे गातात, कृष्णाची, राजस्थानातले लोकदेव रामदेवबाबा यांची भजनं गातात आणि सूफी कवी बुल्ले शाहही गातात. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळी येतात तसं नातं समजा. कमायचा हे त्यांचं गजाने वाजवायचं खास तंतुवाद्य, आंब्याच्या लाकडाचं गोल पोट आणि त्यावर बकऱ्याचं कातडं, हमीरा गावच्या साकर खान यांना त्यासाठी २०१२ मधे पद्मश्री मिळाली. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ सगळ्यांनी बसून हे ऐका. रुक्मा बाईंचं तर ऐकाच. त्यांना पोलिओ झालेला, आणि मांगणियार बायकांनी जाहीर स्टेजवर गायची पद्धत नसताना त्या गायल्या. ताईंनी त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हाच जायचं ठरवलं होतं, म्हणून तर ती हुकलेली रात्र इतकी लागते.

कालबेलिया या पूर्वी साप खेळवणाऱ्या समाजाचा नाच युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१० मधे गेला, पण नाचणाऱ्या मुलींना मधे ओढून सेल्फी काढणं थांबलेलं नाही. तुमच्या ग्रुपमधल्या पुरुषांना हे निघतानाच स्पष्ट सांगा. व्हिडिओ विचारून काढा. फिल्मी गाण्यांची फर्माईश करू नका, 'तुम्हाला काय गायचंय' विचारा, मग बघा काय ऐकायला मिळतं. कॅम्पवर वेगळी मैफल ठरवली तर पैसे आधी ठरवा आणि थेट कलाकाराच्या हातात द्या, सुट्टे कॅश न्या, टेकाडांवर नेटवर्कचा भरवसा नको.

स्टेडियममधली पगडी बांधणं, मिशांची स्पर्धा वगैरे सकाळी लवकर जाऊन जागा धरून बघा. शहरातून सॅम ४० किलोमीटर, शेवटच्या रात्री परतताना ट्रॅफिक जाम होतो, त्या रात्रीचा मुक्काम तिकडेच ठेवा. मुक्काम बदलला म्हणजे बाथरूम बदललं, परत मोजा! हो, तेवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा.

किल्ला चढाचा आणि दगडी फरसबंदीचा, हवेल्यांचे जिने उभे आणि अरुंद. ज्यांना जमतं त्यांनी जा, बाकीच्यांनी गडीसर तलाव, आणि दर वेळी तेच दोघं मागे राहणार नाहीत एवढं बघा.

परतीचं तिकीट जातानाच काढा. सामानातली वाळू तिथेच झटका. चेअरच्या बेअरिंगमधे वाळू जाते, घरी आल्यावर लगेच सायकलवाल्याकडे टाका. ज्या कलाकारांचे व्हिडिओ काढले त्यांचे नंबर घेतलेले असतील तर त्यांना पाठवून द्या.