पिंपळाचं जाळीदार पान मुलांकडून कसं करून घ्यावं

‘पिंपळाचं पान आठवडाभर पाण्यात ठेवा, मग ब्रशने घासा, जाळी तयार’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे पुढचं वाचू नका. आठवड्यात पान जेमतेम काळपट पडतं. त्याला ब्रश लावला की ते शिरांसकट फाटतं, मूल हिरमुसतं आणि पुन्हा या वाटेला जात नाही. काम सोपं आहे, सहा-सात वर्षांच्या मुलालाही जमतं. पण या कामाला महिना लागतो आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलालाच खूण करू द्या.

पानं

पूर्ण वाढलेली, गडद हिरवी, न किडलेली पानं घ्या. तांबूस कोवळी पानं दिसतात छान, पण त्यांच्या शिरा अजून कच्च्या असतात. शिरांमधल्या मऊ गरासोबत त्याही जातात. एकच पान कधी ठेवू नका, 10-12 ठेवा. त्यातली निम्मी वाया जाणार, हे धरूनच चालायचं. पिंपळ जवळपास नसेल तर कवठी चाफ्याची पानं चालतात, मात्र ती जाड असल्याने वेळ जास्त घेतात. जास्वंदीसारखी पातळ पानं नकोत. गवत, बांबू, केळ यांच्या शिरा समांतर जातात, त्यामुळे पिंपळासारखी जाळी मिळत नाही. हा फरक मुलांना आधी ताज्या पानांवरच दाखवा.

भिजत घालणं

पसरट भांडं, पानं बुडतील इतकं पाणी, वर एखादा गुळगुळीत दगड. भांडं बाहेर, सावलीत ठेवा. वास येणार आणि तो यायलाच हवा.

भांड्याला घट्ट झाकण मात्र हवंच. उघड्या साचलेल्या पाण्यात, उबदार हवेत, अंड्यापासून डास तयार व्हायला 8-10 दिवस पुरतात आणि आपल्याला पाणी महिनाभर ठेवायचं आहे. दर आठवड्याला अर्धं पाणी काढून ताजं घाला. सगळं पाणी एकदम बदलू नका, कारण पान कुजवणारे जिवाणू त्याच पाण्यात असतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन ते खातात. शिरांमध्ये लिग्निन नावाचं कडक द्रव्य असतं, ते त्यांना इतक्या लवकर पचत नाही, म्हणून गर सुटतो आणि शिरा राहतात. ताग आणि अंबाडी पाण्यात कुजवून वाख (तंतू) काढतात, तोही याच तत्त्वावर.

उन्हाळ्यात 3-4 आठवडे, थंडीत त्याहून बरेच जास्त.

धुण्याच्या सोड्यात पानं उकळून तास-दोन तासांत काम उरकण्याची पद्धतही आहे. ती मोठ्यांनी, हातमोजे घालून, एकट्याने करायची. म्हणजे मुलाच्या वाट्याला काय उरलं? माझ्या मते ती मुलांच्या कामात बसतच नाही. कॉस्टिक सोडा तर घरातही आणू नका, तो कातडी आणि डोळे भाजतो.

गर काढणं

सगळी पानं इथेच फाटतात, माझीही ढिगाने फाटली आहेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ब्रशने गर काढायचा प्रयत्न. गर ब्रश काढत नाही. तो कुजण्यानेच सुटलेला असतो, ब्रश फक्त त्याला बाजूला करतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं, की पान तयार नाही असं समजा आणि थांबा.

तयार आहे का, हे कसं ओळखायचं? देठाजवळची कड पाण्यातच अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलकेच चोळा. वरचा पातळ पापुद्रा सरकला आणि खालचा गर बुळबुळीत होऊन बोटाला लागला, तर तयार. पापुद्रा चिकटून बसला असेल तर पान परत पाण्यात, आणि आठवडाभर विसरा. मूल कितीही मागे लागलं तरी ऐकायचं नाही. सगळी पानं एका दिवशी तयार होत नाहीत, एकेक तपासा.

पसरट ताटात दोन बोटं पाणी घ्या आणि त्यात पान चकचकीत बाजू वर करून ठेवा. खालच्या बाजूला शिरा उठावदार असतात, ब्रशचे केस त्यांत अडकतात, म्हणून ती बाजू नंतर. आधी पापुद्रा बोटाने सोडवा. मग मऊ ब्रशने टिपटिप मारा. घासायचं नाही! हे मुलांना दहादा सांगावं लागतं, कारण ब्रश हातात आला की हात आपोआप दात घासायला लागतो. मधल्या शिरेपासून कडेकडे जा, उलटं कधीही नाही. कडेकडून आत आलात की टोकं उचकटतात. पिंपळाचं ते लांब निमुळतं टोक सगळ्यात शेवटी, आणि टूथब्रशने नव्हे, रंगवायच्या मऊ कुंचल्याने.

पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर कुठे गर आहे आणि कुठे भोक, कळत नाही.

पान उलटताना चिमटीत धरू नका. ओली जाळी स्वतःच्या वजनानेच लोंबते आणि मधल्या शिरेपासून सुटते. पाण्यात तरंगत्या पानाखाली प्लॅस्टिकचा जाड कागद सरकवा, वरून दुसरा ठेवा आणि दोन्ही एकत्र उलटे करा. हे काम मोठ्यांनीच करावं. कोपऱ्यात गराचे ठिपके राहिले तर हट्ट धरू नका. ते पान दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलं की बहुतेक सुटतात.

हाताला कापलं असेल त्या मुलाला त्या दिवशी फक्त पाहू द्या. काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

वाळवणं आणि रंग

टीपकागदात घालून जड पुस्तकांखाली दोन दिवस. वर्तमानपत्र नको, शाई लागते. टिश्यू पेपर तर जाळीला चिकटूनच बसतो. पांढरं करण्यासाठी ब्लीच वापरू नका, शिरा ठिसूळ होतात. फिका तपकिरी रंगच छान दिसतो. रंग हवाच असेल तर खाण्याचा रंग पाण्यात विरघळवून पान त्यात बुडवा.

आता भिंग काढा

नुसतं कार्डावर चिकटवून मोकळे होऊ नका. पान उजेडासमोर धरून मुलाला पेन्सिलीच्या टोकाने एक वाट शोधायला सांगा: देठापासून निघून कडेच्या एका ठिकाणी पोचायचं. मग मधली एक शीर तुटली आहे असं समजून दुसरी वाट शोधायला लावा. सापडते, कारण बारीक शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात. किड्याने मध्ये भोक पाडलं तरी पलीकडच्या भागाला पाणी कसं मिळतं, हे मग सांगावं लागत नाही. फाटलेली पानंही यासाठी चालतात, तेव्हा टाकू नका.

वहीत ठेवायचं असेल तर पातळ केलेल्या गोंदाचे थेंब फक्त मधल्या शिरेला लावा. पूर्ण पानाला गोंद फासला तर जाळीतली भोकं बुजतात.