आधी कंट्रोलचे वेल बघा

रत्नागिरीत एमएस्सी करताना माझा प्रोजेक्ट होता सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकमध्ये बदल करून नवी संयुगं बनवायची आणि औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर ती तपासायची. केमिस्ट्रीची मुलं इथे येतात ती रिअ‍ॅक्शनच्या ओढीने. मीही तशीच आले. पण निम्मं काम मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असतं, तिथे पहिल्याच महिन्यात जाऊन बसा.

रेणूत हात कुठे घालायचा ते आधी ठरवा. सिप्रोच्या तिसऱ्या जागेवरचं कार्बोक्सिल आणि चौथ्या जागेवरचं कीटोन यांना धक्का लावू नका. मॅग्नेशियमच्या मदतीने जिवाणूच्या गायरेज या एन्झाइमपाशी औषध धरून ठेवतात ते हेच दोघं. बदलायला सोयीचा तो पायपेरझिन रिंगवरचा मोकळा एनएच, म्हणजे हायड्रोजन असलेला नायट्रोजन.

जुलैत माझ्या एका संयुगाचा टीएलसीवर (शुद्धता बघायच्या चाचणीत) एकच ठिपका येत होता, तरी मेल्टिंग पॉइंट दर वेळी वेगळा. मॅडम म्हणाल्या, "अगं, बाहेरची हवा बघ." पावडर पाणी धरत होती. डेसिकेटरमधली (पावडर कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका दोन दिवसांत गुलाबी व्हायची, मग ओव्हनमध्ये तापवून परत निळी करायची. हे टाळू नका. पावडरीबरोबर पाणीही वजनात गेलं तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

तपासणी 96 वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये. म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणूंचं द्रव खाद्य), पुढच्या प्रत्येक वेलमध्ये औषध निम्मं, जिवाणू मिलिलिटरला सुमारे 5 लाख, 35 अंशांना 16 ते 20 तास. मग रेझाझुरिन हा रंग घालायचा. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं.

माझ्या पहिल्या प्लेटवर एमआरएसए या प्रतिरोधक जिवाणूच्या ओळीतला पहिला वेल निळा राहिला. मी धावत मॅडमना बोलवायला गेले. त्यांनी माझी ओळ बघितलीच नाही, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे औषध नव्हतंच, नुसता डीएमएसओ हा सॉल्व्हंट होता, आणि तोही पहिला वेल निळाच! संयुग मी सरळ डीएमएसओमध्ये विरघळवून ओतलं होतं, त्या वेलमध्ये तो 25 टक्के झाला होता. जिवाणू मारले ते सॉल्व्हंटने. डीएमएसओ 1 टक्क्याखाली आणून प्लेट परत लावली तेव्हा सगळी ओळ गुलाबी. त्या रात्री रडू आलं, पण चुकीचा आकडा थिसिसमध्ये गेला नाही.

तेव्हापासून मी आधी कंट्रोल, म्हणजे काय यायला हवं ते आधीच माहीत असलेले वेल, वाचते. ई. कोलाय एटीसीसी 25922 या तपासणीसाठी ठरलेल्या जिवाणूवर साध्या सिप्रोची एमआयसी (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) मिलिलिटरला 0.004 ते 0.016 मायक्रोग्रॅम यायलाच हवी. नाही आली तर त्या दिवसाचं काहीही लिहू नका, कितीही सुंदर दिसो. वाचून झालेली प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात टाकायची नाही. आत प्रतिरोधक जिवाणू आहेत, आणि ते आपल्याच गावात सुटतील.

पावसात रात्री लाइट जातेच. इन्क्युबेटर किती वेळ बंद होता ते वॉचमनकाकांना दाराशी ठेवलेल्या वहीत लिहायला सांगा. सकाळी प्लेट उघडण्याआधी ती वही बघा.