विधेयक नेमके कुठवर आले आहे, हे कसे ओळखावे

बहुतेक वर्षी डिसेंबरात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विधानभवनाभोवती बॅरिकेड उभे राहतात, यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात, आणि संध्याकाळच्या बातम्यांत ‘अमुक विधेयक मंजूर’ अशी ओळ झळकते. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले होते. त्यामुळे कायदा घडण्याची प्रक्रिया इतक्या जवळून पाहण्याची संधी आपल्या शहराला मिळते. मात्र त्या बातमीने पुष्कळ जणांचा गैरसमज होतो. मंजुरी कोणत्या सभागृहाची, कोणत्या प्रकारच्या विधेयकाला आणि त्यानंतर काय उरले आहे, हे पाहिल्याशिवाय ‘कायदा झाला’ असे म्हणता येत नाही. ज्यांना एखाद्या विषयाचा पाठपुरावा करायचा आहे, त्यांनी पुढील क्रमाने चौकशी करावी.

सर्वप्रथम कागदाचा प्रकार ओळखावा. सभागृहाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक सीमाप्रश्नावर नागपुरात दोन्ही सभागृहांनी एकमताने ठराव केला. त्याला राजकीय वजन आहे, पण कोणत्याही न्यायालयात त्याची कायदा म्हणून अंमलबजावणी मागता येणार नाही. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, प्रशासनाचा आदेश असतो आणि सरकार तो दुसऱ्या जीआरने बदलू शकते. कायद्याचा मार्ग विधेयकातून किंवा, तात्पुरता, अध्यादेशातून जातो. मंत्र्याने मांडलेले ते शासकीय विधेयक आणि मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले ते अशासकीय विधेयक. अशासकीय विधेयक क्वचितच संमत होते; पण तेवढ्यावरून ते वाया गेले असे मी मानत नाही, कारण त्यावरच्या चर्चेत सरकारला आपली भूमिका नोंदवावी लागते.

दुसरी पायरी विधेयकाची प्रत मिळवण्याची. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर वर्ष आणि विधेयक क्रमांक यांवरून ती शोधता येते. वाचन शेवटून सुरू करावे, असा माझा आग्रह आहे. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. सरकारला हा कायदा का हवा आहे, हे तेथे साध्या भाषेत सापडते. त्यालगत वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन असते. कोणत्या बाबी कायद्यात न लिहिता पुढे नियमांनी ठरवल्या जाणार आहेत, हे त्यावरून कळते, आणि पुष्कळदा सामान्य माणसाला ज्याची झळ बसते तो तपशील नेमका तिथेच असतो.

मग सभागृहातील टप्पा पाहावा. विधेयक मांडले जाते तेव्हा त्यावर सविस्तर चर्चा होत नाही. ‘विधेयक विचारात घ्यावे’ या प्रस्तावावर तत्त्वाची चर्चा होते, नंतर खंडशः, म्हणजे एकेका कलमाचा, विचार होतो आणि दुरुस्त्या याच वेळी येतात, आणि अखेरीस विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव मतास टाकला जातो. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत हे सारे टप्पे एका बैठकीत उरकले जाऊ शकतात. म्हणून ज्याला दुरुस्ती सुचवायची असेल त्याने आपल्या आमदाराकडे विधेयक मांडले जाताच लेखी जावे, संमत झाल्याची बातमी आल्यावर नव्हे.

विधेयक समितीकडे गेले, तर नागरिकांसाठी याहून चांगली संधी नाही. बेकायदा कृत्ये करणाऱ्या संघटनांविरुद्धच्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जुलै २०२४ मध्ये मांडलेले विधेयक त्या विधानसभेच्या कार्यकाळात संमत झाले नाही. निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते नव्याने मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. समितीकडे १२,००० हून अधिक सूचना व हरकती आल्या, मसुद्यात बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. त्या विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, लेखी हरकत समितीसमोर कागदावर येते आणि मोर्चातील घोषणा येत नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

विधानसभेत २८८ सदस्य आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत, आणि सामान्य विधेयकाला दोन्हींची संमती लागते. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही. परिषदेने विधेयक नाकारले, विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्यांसह संमत केले किंवा ३ महिने संमत केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. त्यानंतर परिषदेच्या हाती केवळ १ महिना उरतो. परंतु विधानसभेने हा अधिकार वापरलाच नाही, तर विधेयक तसेच राहते. लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केले आणि परिषदेची संमती डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. दोन्ही वेळा अधिवेशन नागपूरचेच होते.

धन विधेयकाची, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींच्या विधेयकाची, गोष्ट वेगळी. ते राज्यपालांच्या शिफारशीने आणि विधानसभेतच मांडता येते, ते धन विधेयक आहे की नाही हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि परिषदेला १४ दिवसांत केवळ शिफारशी करता येतात. नागपुरात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मंजूर झाल्यावर तो खर्च करण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक याच वर्गातले.

अध्यादेशाकडे विशेष लक्ष द्यावे. अधिवेशन चालू नसताना, तातडीची गरज असल्यास राज्यपाल तो काढतात आणि त्याचा अंमल कायद्यासारखाच असतो. मात्र विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून ६ आठवड्यांत विधेयक संमत झाले नाही, तर तो संपतो. जादूटोणाविरोधी कायद्याने हे सारे टप्पे पाहिले. २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले विधेयक परिषदेतून पुढे सरकले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यावर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. इतकी वर्षे अडलेली गोष्ट एका माणसाच्या मृत्यूनंतर काही दिवसांत होऊ शकली, ही नोंद कोणत्याही नागपूरकराने विधानभवनासमोरून जाताना विसरू नये असे मला वाटते.

दोन्ही सभागृहांनंतर विधेयक राज्यपालांकडे जाते. ते संमती देतात, धन विधेयक नसल्यास संमती रोखून विधेयक पुनर्विचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेले विधेयक सभागृहांनी पुन्हा संमत केले, तर राज्यपालांना संमती रोखता येत नाही. या निर्णयांसाठी न्यायालये ठरावीक मुदत घालू शकत नाहीत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा, विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर तो राज्यात टिकण्यासाठी राष्ट्रपतींची संमती आवश्यक ठरते. महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत होऊनही ही संमती न मिळाल्याने अमलात आले नाही.

संमती मिळाल्यावर अधिनियम शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्याला वर्षासह क्रमांक मिळतो. जादूटोणाविरोधी कायदा हा सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० आहे. एवढ्यावरही थांबू नये. पहिले कलम उघडून प्रारंभाचा दिनांक पाहावा. ‘राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास’ असे शब्द तेथे असतील, तर ती अधिसूचना निघाली का, हे शोधावे आणि त्याखालचे नियम प्रसिद्ध झाले का, तेही पाहावे. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा आहे. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी.