कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायचं तर

अमेरिकेत विमान कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगता येतं. २००१ मध्ये विमानं पळवून झालेल्या हल्ल्यांनंतर, २००२ साली तसा कायदा झाला आणि २००३ मध्ये जॉर्जियातल्या ग्लिंको इथे पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण झालं. मालवाहू विमानांचे वैमानिकही नंतर त्यात आले. अर्ज टीएसएकडे, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे करायचा. मानसशास्त्रीय आणि वैद्यकीय चाचणी होते, पार्श्वभूमी तपासली जाते. पिस्तूल सरकार देतं, मोबदला मिळत नाही.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. अपहरणकर्ता बहुतेक वैमानिकांना नोकरीभर भेटत नाही, पिस्तूल मात्र दर उड्डाणाला हाताळावं लागतं. खरी जोखीम या हाताळणीत आहे.

२२ मार्च २००८ रोजी अमेरिकेतल्या शार्लट शहरी उतरण्याच्या बेतात असलेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए३१९ मध्ये वैमानिकाच्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि विमानाच्या अंगातून आरपार गेली. विमान सुखरूप उतरलं. त्या काळच्या होल्स्टरला, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाला, कुलूप लावावं लागे आणि कुलपाची कडी ट्रिगर गार्डमधून, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या संरक्षक कड्यातून जाई. पिस्तूल पूर्ण आत बसलेलं नसेल तर कडी ट्रिगरच्या पुढे येते. मग पिस्तूल आत दाबलं की कडीच ट्रिगर ओढते. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारंच होल्स्टर घ्या आणि ट्रिगर गार्डमधून काहीही ओवू नका. ठेवायचं असेल तेव्हा होल्स्टरसकट काढून पेटीत ठेवा, पेटीला कुलूप लावा. हे सगळं विमान उभं राहून इंजिनं बंद झाल्यावर. उडताना दहा हजार फुटांखाली पिस्तुलाला हात लावायचाच नाही; तेव्हा दोन्ही वैमानिकांचं लक्ष उड्डाणावरच हवं.

गोळीच्या एका भोकाने विमान फुटत नाही. तेवढी हवा गेली तरी दाब राखणारी झडप तेवढी जास्त मिटते आणि दाब टिकतो. भीती आहे ती उपकरणांची, वायरिंगची आणि शेजारच्या माणसाची. त्यामुळे नुसत्या मैदानावरच्या नेमबाजीवर भागत नाही. खऱ्या सीटवर, पट्टा बांधून, अंग मागे वळवून पिस्तूल काढण्याचा सराव रिकाम्या सराव-पिस्तुलाने करा. अरुंद जागेत कोपर सीटला अडतं, हे तिथेच कळतं.

अधिकार फक्त कॉकपिटपुरता आहे. केबिनमध्ये मारामारी झाली तरी दार उघडून बाहेर जायचं नाही. मजबूत दार हाच पहिला बचाव, पिस्तूल त्यानंतर. दार सगळ्यात कच्चं असतं ते शौचालयासाठी किंवा जेवणासाठी उघडतं तेव्हा. म्हणून उड्डाणाआधीच सहवैमानिकाशी बोलून ठरवा: दाराकडे कोण वळेल आणि विमान कोणाच्या हाती राहील. विमान सांभाळणाऱ्याने मागे वळायचं नाही. त्याने तातडीचा संदेश द्यायचा आणि जवळच्या विमानतळाकडे उतरायला लागायचं.