ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी : या चुका टाळा

“दादा, ॲझी पाचशे द्या. तीनवाली पट्टी.”

पावसाची पहिली सर येऊन गेली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी सुरू होते, ती थंडी सरेपर्यंत थांबत नाही. चिठ्ठी मागितली तर, “मागच्या वेळी डॉक्टरांनी हीच दिली होती की!” एवढा आधार पुरेसा वाटतो. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानातून तीच पट्टी घेऊन येतं आणि जाता जाता मला दिसेल अशी खिशात ठेवतं. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे या गोळीच्या बाबतीत लोक कुठे चुकतात ते रोज समोर दिसतं. आणि खरं सांगायचं तर आम्ही दुकानदारही काही धुतल्या तांदळासारखे नाही. ही गोळी शेड्यूल एच या सरकारी यादीतली, पाकिटावर लाल रेघ असलेली, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही असा कायदा आहे. तरी ती कशी खपते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

२०१९ सालच्या खासगी बाजारातल्या विक्रीवरून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये लान्सेटच्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात आला. त्यात देशात सर्वाधिक खपणारं अँटिबायोटिक म्हणून पहिला नंबर लागला तो ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र हे औषध ‘वॉच’ गटात ठेवलं आहे. हा गट जपून वापरायच्या औषधांचा. पहिल्या फटक्यात घ्यायची औषधं वेगळ्या गटात आहेत.

आधी या घराण्याची थोडी ओळख करून घेऊ. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड कुळातली भावंडं. थोरलं एरिथ्रोमायसिन. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीचा नमुना अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडे गेला, त्यातल्या जंतूपासून १९५२ मध्ये हे औषध आलं. धाकटं ॲझिथ्रोमायसिन १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत तयार झालं. तिघांचं काम एकच. जीवाणूच्या पेशीत प्रथिनं घडवणारा जो कारखाना असतो, रायबोझोम, त्यातून नवं प्रथिन एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडतं. मॅक्रोलाइड त्या बोगद्यात बसून वाट अडवतं. प्रथिनं नाहीत म्हणजे वाढ नाही. पुढच्या बहुतेक चुका हा बोगदा लक्षात ठेवला की आपोआप कळतात.

चूक पहिली : सर्दी-तापाला ॲझी

सर्दी, फ्लू, कोविड, डेंगी हे विषाणूंचे आजार. विषाणूला स्वतःचा रायबोझोम नसतो, तो आपल्या पेशीतला वापरतो. जिथे जीवाणूचा बोगदाच नाही तिथे गोळी काय अडवणार? तरी लोक म्हणतात, “मला तर दोन दिवसांत गुण आला.” साधा विषाणूचा ताप तीन ते पाच दिवसांत बहुधा आपला आपणच उतरतो. लोक गोळी घेतात ती सहसा तिसऱ्या दिवशी, अंगावर काढून झाल्यावर. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. श्रेय कावळ्याला.

कोविडच्या वर्षात तर ॲझी घरोघरी पोचली. आयव्हरमेक्टिन, व्हिटॅमिन सी, झिंक आणि ॲझी असं किट तयारच मिळायचं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दाखल रुग्णांना तिचा काहीच फायदा झाला नाही, हे २०२० संपता संपता कळलं होतं. किटं त्यानंतरही खपत राहिली. मार्च २०२३ मध्ये फ्लूची साथ आली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनला ॲझिथ्रोमायसिनचं नाव घेऊन सांगावं लागलं की डोस आणि दिवस न बघता लोक ही औषधं घेताहेत आणि बरं वाटलं की सोडताहेत.

मग ही गोळी खरी कामाची कुठे? बऱ्याच ठिकाणी, म्हणून तर तिची काळजी. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा न्यूमोनिया घ्या. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भिंतीवर घाव घालणारं ॲमॉक्सिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतं आणि मॅक्रोलाइड चालतं. डांग्या खोकल्यात ती सुरुवातीलाच दिली तर उपयोग होतो. खोकला पुरता बसल्यावर दिली तर ढास कमी होत नाही, इतरांना लागण होणं तेवढं थांबतं. विदर्भात २०१८ मध्ये गाजलेल्या स्क्रब टायफसमध्ये (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप) पहिलं औषध डॉक्सिसायक्लिन, पण गरोदर बाईला ॲझी. डोळ्यांच्या खुपऱ्यांसाठी कित्येक देशांत गावंच्या गावं ॲझीचा एकेक डोस घेतात. (आपल्या देशातून खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.) आणि टायफॉईड. त्याच्याकडे पुढे येतोच.

घसा दुखण्याबद्दल मात्र थोडं थांबून. बहुतेक घसे विषाणूंमुळेच धरतात. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जीवाणूमुळे धरला असेल तर, विशेषतः मुलांमध्ये, उपचार व्हायलाच हवा, कारण दुर्लक्षातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पण या जंतूसाठी पहिली निवड आजही पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी मॅक्रोलाइड. दहा दिवसांऐवजी तीन-पाच दिवसांत उरकतं म्हणून सरसकट ॲझी घेणं घातक आहे. मॅक्रोलाइडला दाद न देणारा हा स्ट्रेप्टोकॉकस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या धोकादायक जंतूंच्या यादीत आला आहे.

चूक दुसरी : तीन संपल्या, खोकला आहे, अजून तीन द्या

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, आणि तो पट्टीच्या आकारामुळे झाला आहे. तीनच गोळ्या म्हणजे हलकं औषध, असा समज. प्रत्यक्षात ॲझिथ्रोमायसिन रक्तातून चटकन निघून ऊतींमध्ये आणि पांढऱ्या पेशींमध्ये दडून बसतं. शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ६८ तास लागतात. पट्टी तीन दिवसांत रिकामी झाली तरी औषध पुढे कितीतरी दिवस अंगात असतं. म्हणून तर तीन दिवस पुरतात. चौथ्या दिवशी “औषध बंद झालं” असं वाटतं, ते खरं नाही. शिवाय छातीच्या संसर्गानंतरचा कोरडा खोकला जंतू मेल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्याला दुसरी पट्टी म्हणजे वाया गेलेल्या तीन गोळ्या.

नुसत्या वाया गेल्या असत्या तरी चाललं असतं. औषधाची ही लांब शेपटी दिवसेंदिवस पातळ होत जाते. घशात, आतड्यात वस्तीला असलेल्या निरुपद्रवी जंतूंना मारायला अपुरी, पण त्यातले चिवट निवडायला पुरेशी. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनचा एकच कोर्स देऊन त्यांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस तपासत राहिले. २००७ मध्ये लान्सेटमध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की मॅक्रोलाइडला न जुमानणाऱ्या जंतूंचं प्रमाण झपाट्याने वाढलं आणि सहा महिन्यांनंतरही ते औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्तच होतं. माणसं आजारी नव्हती, कोर्स एकच होता. आमच्याकडे वर्षात चार पट्ट्या घेणारे आहेत.

उलटंही घडू शकतं, हे फिनलंडने दाखवलं. तिथे स्ट्रेप्टोकॉकसमधला एरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, वाढल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना मॅक्रोलाइड कमी लिहायला सांगितलं गेलं. वापर झपाट्याने उतरला आणि दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. चार वर्षं लागली, आणि तीही चिठ्ठीशिवाय गोळी मिळत नाही अशा देशात.

डॉक्टरांनी पाच किंवा सात दिवस सांगितले असतील तर मात्र तेवढे पुरे करायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या दोन गोळ्या डब्यात “पुढच्या वेळेसाठी” ठेवायच्या नाहीत.

चूक तिसरी : आधी ॲझी, मग रक्ततपासणी

ताप आला, तीन गोळ्या झाल्या, उतरला नाही, मग डॉक्टर. डॉक्टरांना टायफॉईडचा संशय येतो. टायफॉईडचं खरं निदान रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्यावर. ती तपासणी मुळातच काही रुग्णांत चुकते आणि त्यात अँटिबायोटिक पोटात गेलेलं असेल तर जंतू कल्चरमध्ये उगवायची शक्यता आणखी घटते. मग उरते ती विडाल, रक्तातली प्रतिद्रव्यं बघणारी जुनी तपासणी. विडालवर “टायफॉईड निघाला” म्हणत आपल्याकडे किती जणांनी सलाईन लावून घेतलं असेल! ती तपासणी जुन्या संसर्गाने किंवा भलत्याच तापातही पॉझिटिव्ह येते. कल्चर हातातून गेलं की कोणतं औषध चालेल हेही कळत नाही.

टायफॉईडचा जंतू आपल्या पेशींच्या आत लपतो. ॲझीही पेशीतच साठते, म्हणून रक्तात कमी दिसूनही ती त्याच्यावर लागू पडते. पण त्यासाठी तीन दिवसांची पट्टी कामाची नाही, सहसा सात दिवस लागतात. ताप उतरायलाही चार-पाच दिवस जातात, तेवढ्यात घाबरून औषध बदलायचं नसतं. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, हैदराबाद शहरात, असा टायफॉईड पसरला की जुनी औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रायॲक्सोनचं इंजेक्शन, कशालाच दाद देईना. तोंडावाटे घ्यायचं भरवशाचं औषध एकच उरलं, ॲझिथ्रोमायसिन. आणि २०१९ मध्ये बांगलादेशातल्या संशोधकांनी टायफॉईडच्या जंतूत ॲझीला बाहेर फेकणाऱ्या पंपाचा बदल सापडल्याचं जाहीर केलं. सर्दीला घेतलेली प्रत्येक पट्टी मला या एका वाक्याशेजारी ठेवून बघायची सवय लागली आहे.

चूक चौथी : “ॲझीने फरक नाही, क्लॅरी द्या”

हा सल्ला शेजारी देतात, कधी काउंटरवरूनही दिला जातो. रेझिस्टन्सचा एक नेहमीचा मार्ग असा : जीवाणू ज्या जागी मॅक्रोलाइड चिकटतं तिथे एक छोटासा रासायनिक तुकडा लावतो आणि जागाच बदलून टाकतो. बोगदा एकच असल्याने तिन्ही भावंडांना एकदम मज्जाव. वर क्लिंडामायसिन हे दुसऱ्याच कुळातलं औषधही त्याच जागेवर बसत असल्याने निकामी होऊ शकतं. म्हणून कल्चरच्या रिपोर्टमध्ये एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ (चालत नाही) आणि क्लिंडामायसिनपुढे ‘एस’ (चालतं) दिसलं तर डी-टेस्ट, म्हणजे हा छुपा रेझिस्टन्स शोधणारी तपासणी, केली आहे का ते बघावं. ती पॉझिटिव्ह असेल तर तो ‘एस’ धरून चालायचं नाही. पित्ताच्या अल्सरमधल्या एच. पायलोरी या जीवाणूचंही तसंच. आधी कधी कुठल्या कारणाने मॅक्रोलाइड घेतलं होतं हे डॉक्टरांना सांगितलं तर क्लॅरिथ्रोमायसिनचं चौदा दिवसांचं किट लिहायचं की दुसरं, हे त्यांना ठरवता येतं.

घरातल्या बाकीच्या गोळ्या आणि मुलांची बाटली

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातलं, औषधं मोडणारं एक एन्झाइम अडवतात. कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन, गाऊटची कोल्चिसिन, रक्तदाबाची ॲम्लोडिपिन यांचं प्रमाण त्यामुळे वाढतं. आजोबांचे स्नायू दुखायला लागले, लघवी गडद झाली, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. ॲझी या बाबतीत बरीच सौम्य. पण हृदयाच्या ठोक्यांची लय तीही बिघडवू शकते, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये तसा इशारा दिला आहे. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये असणारं डोमपेरिडोनही त्याच जातीचं, आणि दोन्ही एकत्र घेणारे रोज दिसतात. पातळ अँटासिड घेत असाल तर ॲझीपासून दोन तास लांब ठेवा. पोटात कळ येणं, मळमळणं म्हणजे “गोळी उष्ण पडली” नव्हे. मॅक्रोलाइड आतड्याच्या हालचाली वाढवतं, जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो.

मुलांचं सिरप १०० आणि २०० मिलिग्रॅम प्रति ५ मिली अशा दोन्ही ताकदींत येतं. गेल्या वेळी “एक चमचा” होता म्हणून या वेळीही एक चमचा दिला, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, बाटलीवरचा आकडा वाचून मापाने द्या. पावडर पातळ करताना पाणी खुणेच्या रेघेपर्यंतच घाला, आधी अर्धं घालून हलवा, मग उरलेलं. तयार केलेली बाटली लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर टाकून द्यायची, धाकट्यासाठी फ्रिजमध्ये जपायची नाही. अगदी तान्ह्या बाळाला हे औषध चालू असताना जोरात उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. जठराचं तोंड आवळण्याचा धोका त्या वयात असतो.

आणि चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊन झाल्याच असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. ओरडा बसेल, पण सांगा. “काहीच घेतलं नाही” म्हटल्यावर कल्चरचा रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामी पट्टी खिशात घालून न्या, आणि पहिली गोळी कुठल्या दिवशी घेतली ते तिच्यावर पेनाने लिहून ठेवा.